वाचक विचारतात : चंदीगडचं आर्किटेक्चर म्युझियम बघायचं आहे

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही शिमल्याला जातोय. परतताना चंदीगडला दीड दिवस मिळतोय. मुलगी दहावीत आहे, तिला आर्किटेक्ट व्हायचंय आणि तिथलं आर्किटेक्चर म्युझियम बघायचंच असा तिचा हट्ट आहे. ह्यांना म्युझियम म्हटलं की जांभया येतात. सासूबाई बरोबर आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. ट्रॅव्हल्सवाले म्हणतात, रॉक गार्डन आणि सुखना लेक करा, त्या म्युझियममध्ये बघण्यासारखं काही नाही. काय करू? सगळ्यांचं कसं जमवू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, मुलीचं ऐका. नुसतं ऐकूच नका, तिचं म्युझियम सगळ्यात आधी ठेवा. रॉक गार्डन मागाहूनही बघता येतं आणि कुणालाही आवडतं. चंदीगड शहर मात्र नकाशा न बघता फिरलं तर हाती फारसं काही लागत नाही. रुंद रस्ते, झाडं, गोल चौक, पुन्हा रुंद रस्ते, पुन्हा झाडं. माणूस तासाभरात म्हणतो, "स्वच्छ आहे बुवा," आणि गाडीत बसतो. मी आर्किटेक्चर कॉलेजात नगररचना शिकवायचे. विद्यार्थ्यांच्या सहली तिकडे नेताना माझा नियम एकच होता : आधी कागद, मग रस्ता.

आधी वार बघा. चंदीगडची सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. तुमचा पूर्ण दिवस सोमवारी येत असेल तर शिमल्याचा मुक्काम एका दिवसाने पुढेमागे करा. सणासुदीच्या सुट्ट्यांनाही ती बंद राहू शकतात, म्हणून निघण्याआधी फोन करून खात्री करा. संध्याकाळी दारं लवकर बंद होतात, तेव्हा सकाळी उघडतानाच पोहोचा. तिकीट नाममात्र आहे.

म्युझियम सेक्टर १० मध्ये आहे आणि शेजारीच गव्हर्नमेंट म्युझियम अँड आर्ट गॅलरी. रिक्षावाल्याला नुसतं "म्युझियम" म्हणालात तर तो त्या मोठ्या इमारतीपाशी सोडेल. काही बिघडत नाही, तिथून चालत जाता येतं. आर्किटेक्चर म्युझियमची इमारत लहान आहे आणि तिच्या डोक्यावर छत्र्यांसारखं चौकोनी छप्पर आहे. चंदीगडचा आराखडा ज्याच्या नावावर आहे, त्या वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएची ही आवडती कल्पना. झुरिकमध्ये १९६७ साली त्याचा जो मंडप उघडला, त्याच्या जातकुळीतली ही इमारत. वास्तुविशारद एस. डी. शर्मा यांनी ती केली आणि १९९७ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली.

आता आत काय बघायचं. सगळं बघू नका. भिंतीवर पत्रं, फोटो, आराखडे, मॉडेलं पुष्कळ आहेत, आणि पाटी न् पाटी वाचायला गेलात तर तुमचे यजमान अर्ध्या तासात बाहेरच्या हिरवळीवर जाऊन बसतील. मुलीला दोन नकाशांपुढे उभं करा. एक अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर याचा, दुसरा ल कॉर्ब्युझिएचा. तिला काही सांगू नका. फरक काय दिसतो ते विचारा आणि थांबा.

मेयरचा आराखडा पंख्यासारखा पसरलेला आहे. त्याचे रस्ते वळणं घेत जातात. दुसऱ्यात सरळ रेषांची जाळी आहे, चौकटीला चौकट लागलेली. हे दिसलं की मग गोष्ट सांगा. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि भारतातला पंजाब राजधानीविना उरला. तुम्ही ज्या शिमल्याहून येणार, तिथूनच तेव्हा तात्पुरता कारभार चालायचा. १९४८ मध्ये शिवालिकच्या पायथ्याची ही जागा ठरली. काम मेयरकडे गेलं, इमारतींची बाजू त्याचा तरुण पोलिश सहकारी मॅथ्यू नोविकी सांभाळत होता. ऑगस्ट १९५० मध्ये भारतातून परतताना इजिप्तमध्ये विमान कोसळलं आणि नोविकी गेला. मग पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा हे दोन अधिकारी नवा माणूस शोधायला युरोपात गेले. कॉर्ब्युझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज जोडपं असे चौघे ठरले. फेब्रुवारी १९५१ मध्ये कॉर्ब्युझिए जागेवर आला आणि काही दिवसांतच पंख्याची जाळी झाली.

इथे मुलीला आणखी एक गोष्ट शोधायला लावा, ही फार थोड्यांच्या लक्षात येते. कॉर्ब्युझिएच्या जाळीतल्या आडव्या रेषा नीट बघा. त्या पट्टीने मारल्यासारख्या सरळ नाहीत, किंचित वाकलेल्या आहेत. मेयरच्या वळणाचा तेवढा अंश नव्या आराखड्यात राहिला. मला ही गोष्ट मनापासून आवडते. सगळ्या पुस्तकांत हे शहर एका माणसाच्या नावावर टाकलेलं असतं. शेजारवस्त्यांची मूळ कल्पना मांडणारा मेयर, अकाली गेलेला नोविकी, जागा हेरणारे अधिकारी, पुढे वर्षानुवर्षं ड्रॉइंग बोर्डावर वाकलेले भारतीय वास्तुविशारद, हे सगळे त्या कागदांत आहेत. भिंतीवरचे नकाशे एकामागून एक बघितले की ते दिसतात.

नकाशांनंतर राज्यपाल भवनाचा आराखडा विचारून बघा. कॅपिटॉलच्या, म्हणजे विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालय यांच्या संकुलाच्या माथ्यावर ही इमारत यायची होती. लोकशाही देशात राज्यपालाचा महाल सगळ्यांच्या वर नको, असं नेहरूंचं मत पडलं आणि ती बांधलीच गेली नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष जागेवर जाल तेव्हा ती मोकळी जागा मुलीला ओळखता यायला हवी.

सासूबाईंसाठी शेजारचं मोठं म्युझियम उत्तम. १९६८ मध्ये उघडलेली ही इमारत कॉर्ब्युझिएचीच, आणि आत वरच्या मजल्यावर जायला रॅम्प आहे. चढ सावकाश आहे, हात धरून थांबत थांबत जाता येईल. इथल्या गांधार शिल्पांमागेही फाळणीच आहे. लाहोर म्युझियमचा संग्रह वाटला गेला, साठ टक्के तिकडे राहिला, चाळीस टक्के इकडे आला. बुद्धाच्या चेहऱ्यांसमोर सासूबाई रमतील. तोवर तुम्ही दोघी आर्किटेक्चर म्युझियम करा. तिथे जिने आहेत, त्यांना तिकडे ओढत नेऊ नका.

आता यजमान. त्यांना आकड्यांत गोडी असेल तर काम सोपं आहे. म्युझियममधून निघाल्यावर नकाशा त्यांच्या हातात द्या आणि उभ्या ओळीत लागून असलेल्या सेक्टरांच्या क्रमांकांची बेरीज करायला सांगा. ३ आणि १० मिळून १३. १० आणि १६ मिळून २६. १६ आणि २३ मिळून ३९. पलीकडच्या ओळीतही ४ आणि ९, ९ आणि १७, १७ आणि २२ घ्या, तेच उत्तर येतं. तेराचा पाढा! आणि गंमत म्हणजे मूळ आखणीत १३ नंबरचा सेक्टरच नव्हता.

हा खेळ करतच चाला. सेक्टर १० मधून मध्य मार्ग ओलांडला की सेक्टर १६, तिथे रोझ गार्डन आहे, सासूबाईंना बाकावर बसता येईल. तिथून जन मार्ग ओलांडला की सेक्टर १७ चा प्लाझा. गाड्या नाहीत, नुसती चालणारी माणसं. खालच्या बाजूला लागून सेक्टर २२. हा सगळ्यात आधी वसलेल्यांपैकी, आणि माझ्या मते चंदीगडमध्ये एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर ती ही.

का ते सांगते. सरकारी नोकरांसाठी घरांचे तेरा प्रकार आखले होते, मंत्र्याच्या बंगल्यापासून शिपायाच्या घरापर्यंत. सगळ्यात स्वस्त घराला पैसे अगदी तुटपुंजे. जेन ड्रूने तेवढ्यातच दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी-संडास आणि व्हरांडा बसवला. विटांच्या भिंती, उन्हाला आडोसा, वाऱ्याला जाळी, उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची सोय. पन्नासच्या दशकात आपल्याकडे शिपायाच्या घरात नळ आणि स्वतंत्र संडास हवा असा आग्रह किती जणांनी धरला होता? म्युझियममध्ये या घरांचे आराखडे दिसले तर तिथे थांबा. विधानसभेचं मॉडेल सगळेच बघतात.

उरलेला अर्धा दिवस कॅपिटॉल कॉम्प्लेक्ससाठी. सेक्टर १. आत गाइडबरोबरच सोडतात, ठरावीक वेळेला फेरी निघते, आणि प्रत्येकाचं मूळ फोटो-ओळखपत्र लागतं. मुलीचं शाळेचं ओळखपत्र किंवा आधार विसरू नका. २०१६ पासून ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. चालणं बरंच आहे आणि काँक्रीटच्या उघड्या पटांगणावर सावली नाही, तेव्हा सासूबाईंना त्या वेळात सुखनाच्या काठावर बसवा. रॉक गार्डनही त्याच बाजूला आहे. ट्रॅव्हल्सवाल्यांचा कार्यक्रमही पुरा होईल.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चंदीगडला स्टडी टूर आहे. म्युझियमसाठी सरांनी दोन तास दिलेत. सगळे मोबाइलवर फोटो काढून निघून येतात. मला खरंच काही शिकायचं आहे. काय करू?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : बेटा, फोटो काढायची परवानगी तिथे काउंटरवर विचारून घे. मिळाली तरी पहिला तास मोबाइल पिशवीत ठेव. वही, पेन्सिल आणि पाच मीटरचा टेप घेऊन जा.

ड्रॉइंग काचेत असलं की आपण आधी चित्र बघतो. तू कोपऱ्यापासून सुरू कर. स्केल काय आहे, तारीख काय, सही कुणाची, दुरुस्ती कुठे झाली. शाईच्या रेषेवर पेन्सिलीची रेष गेलेली असेल तर तिथे कुणीतरी मत बदललेलं आहे. तिथेच थांबून ते का बदललं असेल याचा विचार कर. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा मुलं वहीत उतरवून घ्यायची, पण खरी समज मूळ कागदापुढेच यायची. छापील पुस्तकात सगळ्या रेषा सारख्याच काळ्या येतात, हाताचा दाब कळत नाही.

एक सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणारं ड्रॉइंग, निवड. प्लॅन नको, एलिव्हेशन नको. उंच खोल आडोशांचा, उन्हाळ्याचं डोक्यावरचं ऊन बाहेर अडवणारा आणि हिवाळ्याचं तिरपं ऊन आत घेणारा सेक्शन. तो वहीत उतरव, माणूस काढ, मापं लिही. कॉर्ब्युझिएचं मॉड्युलॉर नावाचं प्रमाण तुला शिकवलं असेलच : १८३ सेंटिमीटर उंचीचा माणूस, हात वर केला की २२६. त्यातलं २२६ कागदावर वाचून सोडू नको. बाहेर येऊन कुठल्याही कमी उंचीच्या छताखाली टेप लाव, हात वर कर. तुझी उंची १८३ नसणार. मग हे प्रमाण कुणाच्या शरीरावरून घेतलं, हा प्रश्न तुला आपोआप पडेल, आणि तो व्हायव्हामध्ये जरूर विचार.

कॉर्ब्युझिएने पाडलेल्या रस्त्यांच्या प्रकारांचा तक्ता नीट उतरवून घे. व्ही-१ बाहेरून शहरात येणारे, व्ही-२ मोठे मार्ग, व्ही-३ सेक्टरच्या चारी बाजूंनी वेगाने जाणारे, त्यांच्यावर घराचं दार उघडत नाही. व्ही-४ सेक्टरमधून आडवा जाणारा बाजाराचा रस्ता, व्ही-५ आतला वळसा, व्ही-६ दारापर्यंत, व्ही-७ हिरव्या पट्ट्यातली पायवाट. सायकलींचा व्ही-८ मागाहून आला. सेक्टर साधारण ८०० मीटर बाय १२०० मीटर. हे पाठ करण्यात अर्थ नाही. संध्याकाळी मोकळी असशील तेव्हा एका सेक्टरमध्ये व्ही-३ वरून आत शिर आणि व्ही-७ पर्यंत चालत जा. हॉर्नचा आवाज कुठे कमी होतो, भाजीवाला कुठे उभा आहे, आखलेल्या जागी की लोकांनी ठरवलेल्या जागी, मुलं कुठे खेळतात, ते नकाशावर खुणा करून आण. तुझ्या टूरचा रिपोर्ट त्यातच तयार होईल.

खुर्च्या दिसल्या तर खाली वाकून बघ. सागवान आणि वेताच्या, इंग्रजी उलट्या व्हीसारख्या पायांच्या त्या खुर्च्या जानरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी केल्या. साधा सांधा, स्थानिक सुतार, जाड लाकूड. पुढे कचेऱ्यांनी त्या भंगारात काढल्या आणि परदेशी लिलावांत त्यांना प्रचंड किमती आल्या. २०११ मध्ये केंद्र सरकारने हे फर्निचर देशाबाहेर न्यायला मनाई केली. सीटच्या खालची बाजू, पायाचा सांधा, वेताची वीण, हे जवळून बघ. हात लावायचा नाही, हे सांगायला नको.

आणि गटारांची झाकणंही बघ. खरंच. चंदीगडच्या जुन्या बिडाच्या झाकणांवर शहराचा नकाशा उठावात ओतलेला आहे, सेक्टरांच्या चौकटी बोटाला लागतात. रस्त्यातल्या झाकणावरसुद्धा शहराची आखणी यावी असं कुणाला तरी वाटलं. त्यातलीही बरीच चोरीला गेली आणि परदेशात विकली गेली. रस्त्यावर एखादं सापडलं तर कागद ठेवून पेन्सिलीने घासून त्याचा ठसा घे, गाड्या बघून.

दोन ठिकाणं वेळ काढून कर. सेक्टर १९ मधलं ल कॉर्ब्युझिए सेंटर, म्हणजे शहर बांधणाऱ्यांचं मूळ ऑफिस. आणि सेक्टर ५ मधलं जानरेचं घर, २०१७ पासून तेही म्युझियम आहे. कॉर्ब्युझिए वर्षातून दोनदा यायचा. जानरे १९६५ पर्यंत तिथे राहिला, साइटवर उभा राहिला, तिथल्या मुलांना काम शिकवलं. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थी सुखना तलावात सोडल्या आहेत. त्याच्या घरात गेल्यावर विटांच्या भिंती बघ, मग कॅपिटॉलचं काँक्रीट आठव. दोघांचा स्वभाव लगेच कळतो.

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपबरोबर हे म्युझियम पाहिलं. स्पष्टच लिहितो, निराशा झाली. पिवळे कागद, इंग्रजी पाट्या, परदेशी माणसांची पत्रं. आपल्याशी याचा काय संबंध?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : काका, ग्रुपबरोबर वीस मिनिटांत ते म्युझियम उरकलं असेल तर दुसरं काय होणार! पाट्यांबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे. सामान्य प्रवाशाला समजेल अशा हिंदी-पंजाबीत तिथे अधिक मजकूर हवा, माझंही तेच म्हणणं आहे.

पण परदेशी माणसांची पत्रं, एवढंच तिथे नाही. या शहराच्या भारतीय चमूत एम. एन. शर्मा होते, आदित्य प्रकाश होते, बी. पी. माथुर आणि एन. एस. लांबा होते, ऊर्मिला युली चौधरी होत्या, ज्यांनी त्या काळात बाई म्हणून साइट आणि बोर्ड दोन्ही सांभाळलं. आणि त्याच यादीत ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे ही दोन नावं आहेत. आडनावं ओळखीची वाटतात ना? एम. एन. शर्मा पुढे चंदीगडचे मुख्य वास्तुविशारद झाले. या लोकांनी तिथे जे शिकून घेतलं ते पुढे देशभर गेलं.

संबंध विचारता, तर आपल्याकडे आज गावोगावी डीपी, म्हणजे विकास आराखडे, जाहीर होतात, हरकती मागवतात, आणि नकाशा वाचता येत नाही म्हणून माणसं गप्प बसतात. आरक्षण कुठे पडलं, रस्ता कुणाच्या अंगणातून गेला, हे कळायला नकाशापुढे उभं राहायची सवय लागते. चंदीगडच्या त्या पिवळ्या कागदांत एक शहर कसं ठरलं, कुणाचं मत टिकलं, कुणाचं बाजूला पडलं आणि त्या जागेवरच्या गावांचं काय झालं, हे बघता येतं. ती गावं उठवली गेली, हेही मी विद्यार्थ्यांना त्याच नकाशापुढे सांगायचे. पुन्हा जाणं झालं तर ग्रुप सोडून एकटे जा, आणि फक्त भारतीय चमूचे फोटो आणि घरांचे आराखडे बघा.

प्रश्न : ऑफिसच्या कामाने चंदीगडला जातोय. मोकळा फक्त सोमवारचा दुपारनंतरचा वेळ आहे. म्युझियम बंद. मग?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सेक्टर १७ चा प्लाझा आणि तिथून चालत सेक्टर २२. त्या रात्री मुक्काम असेल आणि परतीची गाडी मंगळवारी दुपारची असेल, तर मंगळवारी सकाळी म्युझियम उघडायच्या वेळेला सेक्टर १० मध्ये जा. दीड तास पुरतो. बॅगा हॉटेलवरच ठेवा.